भुसावळच्या क्वार्टरमधील अठरा माणसे: मिश्र कुटुंबाच्या आठवणी लिहिताना

डिसेंबर २०१९ मध्ये संसदेत घटनादुरुस्ती विधेयकावर चर्चा चालू असताना सरकारतर्फे असे सांगण्यात आले की, २०११ च्या जनगणनेनुसार संपूर्ण भारतात अँग्लो-इंडियन, म्हणजे युरोपीय-भारतीय मिश्र वंशाच्या, समाजाची माणसे केवळ २९६ आहेत. लोकसभेत या समाजाचे दोन सदस्य नामनियुक्त करण्याची राज्यघटनेतील तरतूद पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२० मध्ये, संपुष्टात आली. समाजाच्या प्रतिनिधींनी त्या आकड्याला तीव्र हरकत घेतली. त्या जागा असाव्यात की नसाव्यात हा माझा विषय नाही; माझे मन आकड्यापाशीच अडले. भुसावळच्या आमच्या एका घरातून निघालेली आणि आज भारतात राहणारी माणसे मोजली, तरी २९६ चा दहावा हिस्सा सहज भरतो. आमच्यापैकी किती जणांची नोंद त्या रकान्यात झाली असेल, आणि ज्यांची झाली नाही ते स्वतःला काय म्हणवून घेत असतील, हा विचार मला स्वस्थ बसू देईना. मी आयुष्यभर मराठी शिकवले, मराठीतच विचार केला; माझे वडील जन्माने अँग्लो-इंडियन होते आणि आई यावल तालुक्यातील शेतकरी कुटुंबातली. आमच्या घराच्या आठवणी सलगपणे लिहून काढायच्या, असे मी तेव्हा ठरवले. ते काम कसे झाले, ते येथे सांगत आहे.

आधी घराविषयी लिहिले पाहिजे. आम्ही नऊ भावंडे, मी पाचवी. वडील, ज्यांना आम्ही सगळे डॅडी म्हणत असू, १९४५ मध्ये जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वेत फायरमन म्हणून लागले आणि पुढे ड्रायव्हर झाले. १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली तरी घरातील वडीलधारे कितीतरी वर्षे ‘जी.आय.पी.’ असेच म्हणत राहिले. डॅडींची आई, आमची नाना, त्यांचे अविवाहित धाकटे भाऊ, आणि विधवा झाल्यावर चार मुलांसह परतलेली त्यांची बहीण, म्हणजे आमची आंटी, अशी अठरा माणसे रेल्वेच्या त्या उंच छताच्या क्वार्टरमध्ये राहत असत. उन्हाळ्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जाई. तेव्हा आम्ही मुले अंगणात ओळीने खाटा टाकून झोपत असू, आणि रात्री-बेरात्री ड्रायव्हरांना ड्युटीवर बोलावणारा कॉलबॉय सायकलवरून हाक मारत आला की सगळी ओळ जागी होई. मग आई उठून डॅडींचा लाइनबॉक्स, म्हणजे गाडीवर न्यायचा डबा, भरे. त्या डब्यात एका बाजूला नानाने केलेली बॉल करी, म्हणजे खिम्याच्या गोळ्यांचा रस्सा, असे आणि दुसऱ्या बाजूला आईच्या हातची कळण्याची भाकरी. हिवाळ्यात मामांच्या शेतातील वांगी आली की आई ती पऱ्हाट्यांवर भाजून, बडगीत कुटून भरीत करीत असे, आणि रनिंग रूममधील, म्हणजे ड्रायव्हर-गार्डांच्या विश्रांतिगृहातील, इतर ड्रायव्हर त्यासाठी डॅडींची वाट पाहत असत.

आईने धर्म बदलला नाही. दिवाणखान्यात नानाची येशूची तसबीर होती आणि स्वयंपाकघराच्या कोनाड्यात आईचे देव होते. आम्हा सर्वांचा बाप्तिस्मा झाला, आणि सर्वांच्या पाचव्या दिवशी आजीने सटवीही पुजली. आजी म्हणजे आईची आई. तिने प्रत्येकाला आपल्या जिभेला झेपेल असे नाव ठेवले होते आणि आजोळी आम्ही त्याच नावांनी ओळखले जात होतो. नाताळच्या आधी आठवडाभर काट्याच्या पाठीवर पिठाच्या गोळ्या वळून कलकल हा नाताळचा गोड पदार्थ करण्याचे काम चाले, त्यात आजोळच्या मामेबहिणीही बसत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही आजोळी जाऊन झोके खेळत असू, आमरस-पुरणपोळी खात असू, आणि मामा पितरांसाठी घागर पुजत ते पाहत असू. २ नोव्हेंबरला नाना आम्हाला कबरस्तानात नेऊन मेणबत्त्या लावायला सांगत असे. गेलेल्या माणसांची वर्षातून दोनदा आठवण काढायची असते, असेच मला लहानपणी वाटे.

या घरात कायद्याने मात्र एक रेघ ओढलेली होती, आणि ती मला लिहायला बसल्यावरच नीट उमगली. राज्यघटनेच्या ३६६ व्या अनुच्छेदातील व्याख्येनुसार ज्याचा पिता, किंवा पित्याच्या बाजूचा कोणताही पुरुष पूर्वज, युरोपीय वंशाचा आहे आणि जो भारतात कायम वास्तव्य असलेल्या आईवडिलांच्या पोटी भारतात जन्मला आहे, तो अँग्लो-इंडियन. आईकडचा वंश या व्याख्येत मोजला जात नाही. आंटीचा नवरा पुण्याकडचा मराठी ख्रिस्ती गार्ड होता. त्यामुळे आईकडून मराठी असलेले आम्ही नऊ जण व्याख्येत बसत होतो, आणि घरात आमच्याहून जास्त इंग्रजी बोलणारी, नानाच्या मांडीवर वाढलेली आंटीची चारही मुले व्याख्येबाहेर होती. एकाच ताटात जेवणाऱ्या तेरा मुलांची ही वाटणी आम्हाला माहीतही नव्हती. ३३६ व्या अनुच्छेदाने रेल्वे, कस्टम्स, टपाल आणि तार खात्यांत या समाजाला दिलेल्या राखीव जागा दर दोन वर्षांनी कमी होत दहा वर्षांत संपणार होत्या आणि तशा त्या संपल्या. आमची पिढी मोठी होईपर्यंत त्या व्याख्येचा नोकरीसाठी उपयोग उरला नव्हता. तरीही माझ्या आतेभावाला हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, “ताई, हे पुस्तकात घाल.”

कामाची सुरुवात मी भावंडांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्यापासून केली. दोन भाऊ आणि एक बहीण मेलबर्नला, काकांचे कुटुंब पर्थला, एक बहीण वसईला, एक भाऊ भुसावळलाच, मी नाशिकला, अशी आमची पांगापांग झालेली आहे. प्रत्येकाला फोनवर मी सारखेच प्रश्न विचारले: घरात पहाटे पहिला आवाज कोणाचा असे, कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोले, भांडण झाले की कोण मिटवी, कोणत्या पाहुण्यासाठी कोणती भांडी काढत. या साध्या प्रश्नांचा फार उपयोग झाला. ‘आपले बालपण कसे होते’ असे विचारले की माणसे ठरलेली वाक्ये बोलतात. भांड्यांविषयी विचारले की खरे घर समोर येते.

या मुलाखती लिहून काढताना एक गोष्ट लक्षात आली आणि तिने पुढच्या सगळ्या कामाची दिशा ठरवली. परदेशी गेलेल्या भावंडांना रेल्वे इन्स्टिट्यूटमधील नाच, मे क्वीनची निवड, हौजी, हॉकीचे सामने, नानाचे पेपर वॉटर, म्हणजे मिरीचे सार, हे सगळे बारकाव्यांसह आठवत होते. आजोळच्या घराला किती खोल्या होत्या हेही त्यांना सांगता येईना. उलट भुसावळच्या भावाला आजोळच्या बैलांची नावे पाठ होती, पण इन्स्टिट्यूटच्या नाचाला आपण कधी गेल्याचे त्याला आठवत नव्हते, आणि छायाचित्रात तर तो कोट घालून उभा आहे. कोणी खोटे बोलत नव्हते. जो जिथे राहिला, तिथे ज्या आठवणी रोज बोलल्या गेल्या त्याच टिकल्या आणि उरलेल्या विझत गेल्या. इंग्रजीत मी वाचलेल्या अँग्लो-इंडियन आठवणींमध्ये रेल्वे वसाहत भरभरून येते, पण त्या वसाहतीच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या भाषेत बोलणारी बाई बहुतेक वेळा आया किंवा स्वयंपाकीण असते. आमच्या घरात ती बाई आई होती. हे लेखन मराठीतच व्हावे, असा माझा आग्रह त्यामुळे पक्का झाला. मेलबर्नच्या भावाने तक्रार केली की त्याच्या मुलांना ते वाचता येणार नाही. त्याची अडचण खरी होती. भाचीने इंग्रजी भाषांतराचे काम अंगावर घेतल्यावर तो राजी झाला.

बोललेल्या आठवणींना कागदांचा आधार पाहिजे होता. आईवडिलांच्या लग्नापासून मी आरंभ केला, कारण त्याविषयी घरात दोन कथा होत्या. आजोळी सांगत की आई पळून गेली. ती रेल्वेच्या रुग्णालयात परिचारिका होती, भट्टीच्या झळेने हात भाजलेले डॅडी तेथे आले, आणि एके दिवशी ती परत आलीच नाही, अशी ती कथा. नानाच्या बाजूला सांगत की सगळे रीतसर झाले. आजोबांचा विरोध असणे समजण्यासारखे होते. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्याच फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. नेहरू अध्यक्ष होते आणि नंदलाल बोस यांनी बांबूचे नगर सजवले होते. त्या नगराच्या उभारणीत आजोबा स्वयंसेवक म्हणून राबले होते. त्याच काळात डॅडींचे वडील इतर अँग्लो-इंडियन रेल्वे कामगारांप्रमाणे ऑक्झिलरी फोर्सच्या, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या अर्धवेळ राखीव फौजेच्या, रेल्वे पलटणीत कवायत करीत होते. अशा दोन घरांत १९५७ साली सोयरीक जुळणे सोपे नव्हते.

लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झाले होते. या कायद्यानुसार आधी विवाह अधिकाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते, तिची प्रत कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते, हरकतींसाठी तीस दिवस थांबतात, आणि विवाहाच्या वेळी तीन साक्षीदारांच्या सह्या होतात. प्रमाणपत्र पुस्तकातील उताऱ्याची प्रमाणित प्रत ठरावीक शुल्क भरून कोणालाही मागता येते, हे मला एका वकील विद्यार्थ्याने सांगितले. तेव्हाचा पूर्व खानदेश, म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. तेथे अर्ज केला. जुने पुस्तक शोधायला वेळ लागला, पण तेथील कर्मचाऱ्यांनी ते आस्थेने शोधून दिले. ज्या लग्नाची नोटीस महिनाभर जिल्ह्याच्या ठिकाणी भिंतीवर लागली होती, ते पळून जाऊन केलेले लग्न कसे म्हणणार? खरा धक्का सह्यांचा होता. पहिली साक्ष रुग्णालयातील एका सहकारी परिचारिकेची, दुसरी डॅडींबरोबरच्या ड्रायव्हरची, आणि तिसरी सही माझ्या थोरल्या मामांची. आपल्याला काही ठाऊक नव्हते, असे मामा मरेपर्यंत सांगत आले होते. बहिणीच्या पाठीशी उभे राहायचे आणि वडिलांसमोर घर मोडू द्यायचे नाही, या दोन्हीसाठी त्यांनी ते मौन पाळले, असे मी समजते. मामेभावाला ती प्रत दाखवली तेव्हा त्याने ती कपाळाला लावली. पहिल्या मुलाच्या जन्मानंतर आजी एकटीच क्वार्टरवर आली, आणि आजोबांनी पुढच्या आखाजीला आईला बोलावणे धाडले. त्यामागेही मामाच असणार.

डॅडींच्या वंशाचा शोध वेगळ्या वाटेने घ्यावा लागला. मुंबई इलाख्यातील चर्चमध्ये झालेल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती दरवर्षी लंडनला पाठवल्या जात असत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन/३’ या खुणेखाली आहेत. बंगालच्या ‘एन/१’ आणि मद्रासच्या ‘एन/२’ मध्ये. ब्रिटिश भारतातील कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेच्या संकेतस्थळावर नावांची सूची विनामूल्य पाहता येते आणि मूळ पानांची छायाचित्रे ‘फाइंडमायपास्ट’वर पैसे भरून मिळतात. ज्यांना असा शोध घ्यायचा असेल त्यांना माझे सांगणे एवढेच की आडनावाचे सर्व संभाव्य उच्चार लिहून काढावेत आणि नावापेक्षा गाव व व्यवसाय यांवर भर द्यावा. ‘प्लेटलेअर’, म्हणजे रूळ टाकणारा, या व्यवसायामुळेच मला माझे खापरपणजोबा सापडले. बोरघाटातील रेल्वेचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६३ मध्ये घाटातील मार्ग खुला झाला, आणि ऐन भरात तेथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. खापरपणजोबांचा विवाह १८६४ चा.

त्यांची पत्नी गोव्याची पोर्तुगीज बाई होती, असे आमच्या घरात सर्वांनी ऐकलेले होते. नाना ते अभिमानाने सांगे. विवाहाच्या नोंदीत वधूचे नाव केवळ मेरी असे आहे. आडनाव नाही आणि वडिलांच्या नावाची जागा कोरी आहे. त्याच महिन्यात, त्याच पाद्र्याच्या हातची आणखी एक नोंद मिळाली: मेरी, प्रौढ, आधीची हिंदू, वय सुमारे अठरा. गोव्यातील कॅथलिक मुलीचा असा प्रौढ वयात बाप्तिस्मा होण्याचे कारण नाही, आणि तिला आडनावही असते. दोन्ही नोंदी एकाच मेरीच्या आहेत हे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण मला त्याविषयी शंका उरलेली नाही. घाटावर कामाला आलेल्या मजुरांच्या कुटुंबातील ती मुलगी असावी. तसे असेल तर ती बहुधा मराठी बोलत असेल, आणि मग आमच्या घरात मराठी माझ्या आईबरोबर १९५७ मध्ये आली हे मी आयुष्यभर धरलेले गृहीत चुकते. ती नव्वदहून अधिक वर्षे आधीच आलेली होती, आणि मधल्या तीन पिढ्यांनी ती बोलायचे सोडले होते. माझ्या पहिल्या मसुद्यात आईचे लग्न हे पहिले प्रकरण होते. ते मी मागे नेले.

पोर्तुगीज आजीची कथा कशी रुजली याचा उलगडा पर्थच्या चुलतबहिणीने जपलेल्या कागदांतून झाला. डॅडींचे भाऊ १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेले. राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर बंधने घालणाऱ्या १९६२ च्या ब्रिटिश कायद्याने इंग्लंडचे दार अरुंद झाले होते, आणि ऑस्ट्रेलियात मिश्र वंशाच्या माणसाला प्रवेश देताना तो किती युरोपीय आहे हे त्याच्या पूर्वजांवरून आणि दिसण्यावरून ठरवले जात असे. काकांनी तेव्हा स्वतःच्या हाताने वंशवेल लिहून दिली होती, आणि तीत मेरीच्या पुढे ‘पोर्तुगीज’ असे लिहिलेले आहे. ते गोरे होते, त्यांना प्रवेश मिळाला. आंटी त्यांच्याहून सावळी होती. तिने अर्जच केला नाही. चुलतबहिणीला माझा निष्कर्ष कळला तेव्हा तिने तो छापू नये अशी विनंती केली, कारण आपल्या वडिलांनी खोटे लिहिले असा त्याचा अर्थ होईल. मी तिला लिहिले की काकांनी जे ऐकले तेच लिहिले. ते सांगण्याची गरज त्यांच्याही आधीच्या पिढीला, रंगावरून पगार आणि बढती ठरवणाऱ्या व्यवस्थेत, पडली होती. बरेच दिवस उत्तर आले नाही. नंतर तिने त्या वंशवेलीची स्वच्छ प्रत पाठवली आणि ती जशीच्या तशी, चर्चच्या नोंदीच्या शेजारच्या पानावर छापावी अशी अट घातली. तसेच केले आहे.

रंगाविषयीचे प्रकरण लिहिणे सर्वांत जड गेले. नऊ भावंडांत थोरल्याचे डोळे घारे आणि कांती गोरी, तर सर्वांत धाकटी बहीण आईसारखी काळीसावळी. मध्ये आम्ही बाकीचे निरनिराळ्या छटांचे. गाडीत, बाजारात, शाळेत लोक आम्हाला एकमेकांचे भाऊबहीण मानत नसत, आणि आम्ही त्याला सरावलो होतो. बाहेरच्यांचे बोलणे टिकले नाही, घरातले टिकले. नाना धाकटीला दुपारी अंगणात जाऊ देत नसे, बाकीच्यांना जाऊ देई. पाहुणे आले की गोरी नातवंडे पुढे करी. आजी दुसऱ्या टोकाला राहत होती आणि दुसऱ्या धर्माची होती, पण तीही थोरल्याला जवळ घेऊन ‘माझा गोरा राजा’ म्हणे आणि धाकटीच्या लग्नाची काळजी ती पाच वर्षांची असल्यापासून करी. रंगाच्या बाबतीत दोन्ही घरांचे मत एक होते. या दोघींनी आम्हाला जीव लावला, आजारपणात रात्री जागवल्या, हेही तितकेच खरे आहे, आणि एक लिहिताना दुसरे झाकायचे नाही असे मी ठरवले होते. पण हा त्रास माझा नव्हता. तो लिहिण्याचा अधिकार मी धाकटीकडूनच घ्यायला हवा होता.

मी वसईला तिच्याकडे जाऊन राहिले आणि ते प्रकरण तिला वाचून दाखवले. तिने तीन ठिकाणी मला थांबवले. नानाने तिच्या चेहऱ्याला पावडर लावून छायाचित्रासाठी उभे केल्याचा प्रसंग मी सौम्य शब्दांत लिहिला होता. तिने तो जसा घडला तसा सांगितला आणि तसाच लिहायला लावला. आईने त्या दिवशी काहीही न बोलता तिचा चेहरा पाण्याने धुऊन तिला पुन्हा रांगेत, सर्वांच्या मध्यभागी उभे केले, हे मला माहीतच नव्हते. ते छायाचित्र आमच्या सर्वांच्या घरी आहे. धाकटी त्यात मध्यभागी का आहे, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

डॅडी १९८५ मध्ये निवृत्त झाले, क्वार्टर सोडावे लागले आणि घर पांगले. तो भाग मी दोन पानांत आटोपला आहे, कारण त्यानंतरचे जगणे एका घराचे राहिलेले नाही. छापण्यापूर्वी संपूर्ण मजकूर प्रत्येक भावंडाला आणि आंटीच्या चारही मुलांना पाठवला. जिथे दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत आणि कागदही सापडला नाही, तिथे दोन्ही आठवणी सांगणाऱ्याच्या नात्यासह एकाखाली एक दिल्या आहेत. आता डॅडींच्या वडिलांच्या पलटणीतील नोकरीचे कागद आणि फैजपूरच्या स्वयंसेवकांच्या याद्या यांचा शोध भुसावळचा भाऊ आणि मामेभाऊ मिळून घेत आहेत. मेरीचे मूळ गाव मिळेल अशी आशा मला फारशी नाही, तरी त्या घाटातील गावांच्या जुन्या नोंदी पाहण्यासाठी मी अर्ज केलेला आहे.